जैसलमेरच्या आडवाटांवर स्वतःच्या गाडीने: तीन दिवसांची आखणी

जैसलमेरला स्वतःची गाडी घेऊन जाणारे बहुतेक जण तिथे पोचल्यावर ती हॉटेलच्या दाराशी लावतात आणि पुढचे दिवस रिक्षा, उंट आणि भाड्याच्या जीपमध्ये काढतात. मुंबईहून बाडमेरमार्गे सुमारे 1,100 किलोमीटर चालवत आणलेल्या गाडीचा हा अपमानच म्हणायचा. साध्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीनेही थर वाळवंटातल्या आडवाटा पाहता येतात. फक्त दिवस ठिकाणांच्या यादीवर आखायचा नाही, तो वाळू आणि उजेड यांच्या हिशेबाने आखायचा. वाळू सकाळी घट्ट असते, दुपारी सैल होते, आणि अंधार पडल्यावर रस्ता जनावरांचा असतो. बाकी सगळं यातून आपोआप ठरतं.

ही आखणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी आणि हॅचबॅक, सेदान किंवा छोट्या एसयूव्हीसाठी आहे. मार्चअखेरीस ऊन चढतं, पुढे आँधीचे दिवस येतात. तेव्हा या वाटेला जाऊ नये.

पहिला दिवस: जैसलमेर, तयारी आणि आकल

दुपारच्या जेवणापर्यंत जैसलमेर गाठायचं. संध्याकाळचा किल्ला सोडावा लागला तरी चालेल, पण गाडी उजेडात तपासून झाली पाहिजे.

आधी टायर. प्रवासातून आल्या आल्या हवा मोजण्यात अर्थ नाही, टायर तापलेले असतात. तापमान 10 अंशांनी उतरलं की साधारण 2 पीएसआय कमी दिसतात, आणि इथे हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांत 15 ते 20 अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून हवा दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी हलवायच्या आधी, स्वतःच्या गेजने मोजायची. आज बघायचं ते टायरच्या बाजूच्या भिंतींवर चीर किंवा फुगवटा आहे का, आणि स्टेपनीत हवा आहे का. नव्या गाड्यांत स्टेपनी बऱ्याचदा बारीक आणि 80 किलोमीटर वेगाच्या मर्यादेची असते. ती वाळूत सुरीसारखी रुतते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं पुढचं चाक पंक्चर झालं, तर मागचं चांगलं चाक काढून पुढे लावायचं आणि बारीक स्टेपनी मागे टाकायची. जॅक दोनदा लावावा लागतो, पण गाडी बाहेर निघते.

जॅकवरून आठवलं: वाळूत जॅक स्वतःच खाली जातो. 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा साधारण 30 बाय 30 सेंटिमीटरचा तुकडा घरूनच आणायचा. विसरलात तर जैसलमेरच्या सुताराकडून कापून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

डिकीत एवढं हवंच: छोट्या दांड्याचं फावडं, 12 व्होल्टचा कंप्रेसर, गेज, ट्यूबलेस पंक्चर किट आणि त्यात निदान 8-10 वाती (भोकात भरायच्या रबरी दोऱ्या), टोइंगचा पट्टा, चार रिकामी गोणपाटं, टॉर्च. पंक्चरच्या वाती एवढ्या कशाला, असं वाटेल. इथे विलायती बाभूळ माजलेली आहे, आणि काटा एकटा कधी लागत नाही. एकाच टायरमध्ये तीन-चार मिळतात. काटा दिसला तरी वात आणि कंप्रेसर हाताशी येईपर्यंत उपटायचा नाही. बऱ्याचदा काट्यानेच भोक बुजलेलं असतं आणि हवा तासन् तास टिकते.

टोइंगचा हुक गाडीच्या टूल किटमध्ये असतो आणि बंपरवरचं चौकोनी झाकण काढून आत आवळायचा असतो. तो आज, हॉटेलच्या आवारात, एकदा लावून बघायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात. भर उन्हात, वाळूत गुडघे टेकून हा शोध लावण्यात मजा नाही.

पाणी माणशी 5 लिटर, शिवाय गाडीत 10 लिटरचा कॅन वेगळा. तो शेवटपर्यंत फोडायचा नाही. वाटेवरच्या बहुतेक विहिरींचं पाणी खारं आहे, आणि ढाणीवरच्या, म्हणजे रानातल्या छोट्या वस्तीवरच्या, टाक्यात साठवलेलं गोड पाणी हे त्या घराचं वर्षाचं धन असतं. मागितलं तर देतात, कुणी नाही म्हणत नाही. म्हणूनच मागायची वेळ येऊ द्यायची नाही. खायला दशम्या आणि लसणाची चटणी उत्तम. तीन दिवस टिकतात आणि हात धुवायला पाणी लागत नाही.

आता नकाशा. फोनवर सगळा जैसलमेर जिल्हा ऑफलाइन उतरवून घ्यायचा, शक्यतो दोन वेगवेगळ्या अॅपमध्ये. नेटवर्क नाही असं धरूनच चालायचं. पण नकाशावर आंधळा विश्वास टाकायचा नाही, त्याला इथे एक खास कारण आहे. जैसलमेरभोवती शेकडो पवनचक्क्या आहेत आणि प्रत्येकीपर्यंत मुरमाचा रुंद, सरळ रस्ता जातो. नकाशावर आणि प्रत्यक्षातही तो गावच्या डांबरी रस्त्यापेक्षा देखणा दिसतो. चार-पाच किलोमीटर गेल्यावर तो पवनचक्कीच्या पायथ्याशी संपतो. उलट बाजूने, सौर प्रकल्पांच्या कुंपणांनी जुन्या गाडीवाटा मध्येच तोडल्या आहेत. नकाशात त्या अजून अखंड आहेत. उपग्रहचित्रात वाट कुठल्या तरी गावातून किंवा ढाणीतून जाते आहे ना, एवढं आज रात्री तपासायचं. माणसांना जोडणारी वाट पुढे निघते, यंत्रांना जोडणारी निघत नाही.

परवानगीचं म्हणाल तर, उद्याच्या वर्तुळासाठी भारतीयांना साधारणपणे वेगळा कागद लागत नाही, पण ओळखपत्र प्रत्येकाचं मूळ हवं. सीमेलगतच्या अधिसूचित पट्ट्यात बाहेरच्यांना प्रशासनाची परवानगी लागते, आणि परदेशी पासपोर्ट असलेल्यांचे नियम आणखी कडक आहेत. अमेरिकेतला भाचा बरोबर असेल तर त्याचा वेगळा विचार आजच करायचा. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण भारतात विनापरवाना वापरता येत नाही. ते आणूच नये. ड्रोनही घरीच बरा.

चारच्या सुमारास आकल. बाडमेर रस्त्यावर सतराएक किलोमीटरवर हे जीवाश्म उद्यान आहे. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीची, दगड झालेली झाडं इथे उघड्या माळावर पडली आहेत. काही खोडांवर जाळीची छपरं घातली आहेत. ज्युरासिक काळात इथे दमट जंगल होतं. गाडीच्या दृष्टीने आकल म्हणजे कठीण दगडी जमीन, वाळूची भीती शून्य. म्हणून ते आज दुपारी उरकायचं आणि उद्याची सकाळ वाळूला द्यायची.

झोपण्यापूर्वी हॉटेलवाल्याला उद्याचा मार्ग कागदावर लिहून द्यायचा, आणि खाली एक ओळ: संध्याकाळी साडेसातपर्यंत आलो नाही किंवा फोन आला नाही, तर शोधायला सुरुवात करा, 112 ला कळवा.

दुसरा दिवस: खुडी, सम, खाभा, कुलधरा

एकूण अंतर 150 ते 170 किलोमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आडवाटेवर सरासरी ताशी 25 ते 30 धरायची, म्हणजे नुसतं चालवणंच सहा तासांचं. डिसेंबरअखेर इथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. थांबे धरले की दिवस भरला.

साडेसहाला हवा मोजून कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणायची, टाकी पूर्ण भरायची, सातला निघायचं. खुडी नैऋत्येला सुमारे 48 किलोमीटर, रस्ता डांबरी. सव्वाआठपर्यंत पोचलं की धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, पर्यटक जवळजवळ नसतात. थंडीत पहाटे दव पडतं आणि वाळूचा वरचा थर किंचित ओलसर, घट्ट होतो. धोऱ्यावर पायी चढून पाहिलं तरी कळतं: आठ वाजता टाच दोन बोटं रुतते, दुपारी दोनला घोटा जातो. गाडीचंही तेच.

धोऱ्यांवर गाडी न्यायची नाही. एकट्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीने ते करण्यात शहाणपण नाही, आणि पुढचा बराच पट्टा मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथे वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. 3,162 चौरस किलोमीटरच्या या उद्यानाच्या आत गावं आहेत, रस्ते आहेत, शेळ्यामेंढ्या आहेत. त्यामुळे आपण उद्यानात आहोत हे कळतही नाही. माळढोकाचं देशातलं शेवटचं मोठं ठाणं हेच. सोलापूरजवळच्या नान्नजचं नाव ज्या पक्ष्यामुळे झालं, तो इथे गोडावण म्हणून ओळखला जातो आणि राजस्थानचा राज्यपक्षी आहे. त्याची घरटी म्हणजे उघड्या जमिनीवर घातलेलं एखादं अंडं. वाट सोडून चाक नेऊ नये याला एवढं कारण पुरे.

मग साधी गाडी अडकते कुठे? धोऱ्यावर नाहीच. खुडी ते समच्या वाटेवर, रस्त्याने सुमारे 45 ते 50 किलोमीटर, अडकण्याच्या जागा तीन.

पहिली, डांबरावर सरकलेली वाळू. वाऱ्याने रस्त्यावर वाळूची जीभ येते, कधी चार मीटर, कधी तीस. लांबून ती रस्त्याच्याच रंगाची दिसते. 80 च्या वेगाने तिच्यावर गेलात तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. आधीच वेग 30-40 वर आणायचा, दुसरा किंवा तिसरा गिअर, चाकं सरळ, मध्ये ब्रेक नाही, गिअर बदलणं नाही. आधीच्या गाडीचे चर असतील तर त्यातूनच जायचं. जीभ फूटभर उंच दिसली तर उतरून पायाने दाबून बघायची. दोन मिनिटं जातात, दोन तास वाचतात.

दुसरी जागा साइडपट्टी, आणि खरं तर सगळ्यात जास्त गाड्या इथेच फसतात. गावचे रस्ते एकपदरी, 3 ते 3.75 मीटर रुंद. समोरून ट्रॅक्टर किंवा पाण्याचा टँकर आला की आपण सवयीने डावीकडे उतरतो. डांबराची कड काही ठिकाणी 10-15 सेंटिमीटर उंच, खाली भुसभुशीत वाळू. डावी चाकं उतरतात, चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) कडेवर टेकतो आणि गाडी लटकते. टँकर लांब दिसला की कडक जागा शोधून आधीच थांबायचं, तो स्वतः उतरून पुढे जातो. उतरावंच लागलं तर चारही चाकं उतरवायची, दोन खाली दोन वर असं नाही, आणि सरळ रेषेत चालवत पुन्हा वर यायचं.

तिसरी, फोटोसाठी थांबण्याची जागा. थांबताना ब्रेक दाबला की चाकापुढे वाळूचा ढीग होतो. निघताना तोच ढीग ओलांडता येत नाही. ॲक्सिलरेटर सोडून गाडीला आपोआप थांबू द्यायचं, आणि नेहमी उताराकडे तोंड करून.

वाळूची वाट लांब असेल, म्हणजे शंभर-दोनशे मीटरच्या वर, तर आत शिरण्यापूर्वी हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवायची. टायर खाली लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक खोदण्याऐवजी तरंगतं. 15 च्या खाली जायचं नाही. वळताना टायर रिमवरून निसटतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचा, नाहीतर चाक जरा फिरलं की तो ताकद कापतो आणि गाडी नेमकी नको तिथे मरते. हवेचा पिवळा दिवा लागेल, लागू द्या. कडक रस्त्यावर परत आलं की लगेच हवा भरायची. कमी हवेने डांबरावर वेगात गेलं तर टायरच्या भिंती तापून फाटतात. कंप्रेसर चालवताना इंजिन चालू हवं, आणि दोन टायर झाले की त्याला दहा मिनिटं विश्रांती. स्वस्तातले कंप्रेसर तिसऱ्या टायरला जळतात.

आणि तरीही रुतली तर? गाडी पुढे जायची थांबली त्या क्षणी ॲक्सिलरेटर सोडायचा. पुढचे दहा सेकंद चाक फिरवलं तर गाडी पोटावर बसते. सगळ्यांनी उतरायचं. फावड्याने आधी पोटाखालची वाळू काढायची, मग चाकांच्या पुढची आणि मागची. हवा 16 वर. ओढणाऱ्या चाकांखाली गोणपाट सारायचं, आणि पुढे नाही, मागे यायचं: ज्या वाटेने आलो ती चाकांनी दाबलेली असते. मागे येताना लोकांनी बॉनेटच्या बाजूने ढकलायचं, पण चाकाच्या सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही, गोणपाट गोळीसारखं सुटतं. अर्धा क्लच धरून रेटलं तर मिनिटभरात जळका वास येतो. वास आला की इंजिन बंद, वीस मिनिटं गप्प बसायचं. या गाडीवाटांवर क्लच प्लेट मिळत नाही.

ट्रॅक्टर आला तर पैसे आधी ठरवायचे आणि पट्टा स्वतः बांधायचा. ट्रॅक्टरवाला भला असतो, पण हाताला लागेल तिथे साखळी अडकवतो आणि मग बंपर किंवा सस्पेन्शनचा आर्म त्याच्यामागे जातो.

वाट विचारण्याचीही एक पद्धत आहे. "गाड़ी निकल जाएगी?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी "निकल जाएगी" असंच येतं, कारण विचारलेल्या माणसाकडे कँपर (पिकअप गाडी) किंवा ट्रॅक्टर असतो. आधी राम राम करायचा, दोन शब्द बोलायचे आणि विचारायचं: "आज सुबह कोई छोटी गाड़ी गई क्या?" याचं उत्तर खरं मिळतं.

वाटेत कुठे पांढरट, सपाट, मैदानासारखी चमकणारी जमीन दिसेल. तिच्यावर गाडी घालायचा मोह होतो, फोटो सुंदर येतात. वर मिठाची पापडी, खाली ओली चिकणमाती. तिथे फावडं, गोणपाट काहीच चालत नाही. कडेनेच जायचं.

समला साडेअकरा-बारापर्यंत पोचावं. बारा वाजले आणि अजून अर्धी वाट बाकी असेल, किंवा टाकी अर्ध्यावर आली असेल, तर पुढचा बेत सोडून जवळच्या डांबरी रस्त्याने जैसलमेर. सैल वाळूत इंधन जवळपास दुप्पट जातं, त्यामुळे काटा किलोमीटरच्या हिशेबाने उतरत नाही. सम दुपारी ओसाड असतं, गर्दी चारनंतर. चहा घ्यायचा, टायर पुन्हा पाहायचे, दशम्या खायच्या आणि निघायचं.

दुपार दगडाची. कनोईवरून खाभा आणि तिथून कुलधरा, सगळा भाग कठीण पठाराचा. खाभ्याच्या गढीवरून खाली छपरं नसलेल्या घरांच्या रांगा दिसतात. पालीवाल ब्राह्मणांची 84 गावं एका रात्रीत उठली अशी कथा सांगतात. तिच्यातला जैसलमेरचा जुलमी दिवाण सालमसिंह सगळ्यांना पाठ असतो. त्यापेक्षा गावाच्या उतारावरची खडीन बघावी. दगडी चढावरून वाहून येणारं पावसाचं पाणी लांब मातीच्या बांधाने अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. जिथे वर्षाला जेमतेम 150-200 मिलिमीटर पाऊस पडतो तिथे हे पीक उभं राहतं. जानेवारीत पिवळ्या माळावर तो हिरवा तुकडा दोन किलोमीटरवरून दिसतो. खडिनीच्या आत गाडी न्यायची नाही. वरून सुकलेली जमीन खाली ओली असते, आणि ते कुणाचं तरी शेत आहे.

कुलधऱ्यातून पाचला निघायचं. इथून जैसलमेर अठरा-वीस किलोमीटर, पण उंट संधिप्रकाशात डांबरावर येतात. उंटाचे पाय लांब, त्यामुळे धडक बसली की धड काचेवर येतं. गाईपेक्षा हा अपघात फार वाईट.

तिसरा दिवस: रामगड, तनोट, लोंगेवाला

हा दिवस अंतराचा: सुमारे 270 किलोमीटर, बहुतेक डांबरी. सातला निघून सव्वाआठला रामगड. इथे टाकी काठोकाठ भरायची, पुढचा पंप चालू असेल या भरवशावर राहायचं नाही. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी या भागात आलं आहे. वस्त्या, फाटे सगळे आरडीच्या आकड्यांनी ओळखले जातात. एक आरडी म्हणजे कालव्याच्या काठाने 1,000 फूट. मुख्य कालवा 1,458 व्या आरडीला, मोहनगडजवळ संपतो. कुणी "अमुक आरडीवरून डावीकडे" असं सांगितलं तर दगडावरचा आकडा शोधायचा, मैलाचा दगड नव्हे.

रामगड ते तनोट साधारण 57 किलोमीटर. रस्ता सरळ, रुंद आणि लाटांसारखा वरखाली. धोका याच गोष्टीचा: चढाच्या पलीकडे वाळूची जीभ असते आणि ती माथ्यावर येईपर्यंत दिसत नाही. प्रत्येक माथ्याला 50-60 चा वेग. मोकळा रस्ता पाहून शंभरने हाकणाऱ्यांच्या गाड्या खाली वाळूत तिरक्या उभ्या असतात.

तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. 1965 च्या युद्धात आवारात पडलेले आणि न फुटलेले गोळे इथे मांडून ठेवले आहेत. त्यापुढे सीमेवरच्या चौकीकडे दलाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. मिळाली तर जायचं, नाहीतर वाद घालायचा नाही. रस्त्याबाहेर धातूचं काही पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, इतकं या भागात प्रत्येक गुराख्यालाही माहीत आहे.

तनोट ते लोंगेवाला चाळीसेक किलोमीटर, अकरापर्यंत पोचतो. 4-5 डिसेंबर 1971 च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या, 23 व्या पंजाब बटालियनच्या, सुमारे 120 जणांच्या कंपनीने इथे पाकिस्तानी रणगाडे अडवून धरले. वाहनं चालवणाऱ्याने स्मारकाशी उभे रणगाडे जरा निराळ्या नजरेने बघावेत. पुढे येणाऱ्या तुकडीची कितीतरी वाहनं सैल वाळूत रुतली, रात्र निघून गेली, आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं आली. साखळीपट्ट्यांच्या गाड्यांनाही ही जमीन कळली नव्हती.

इथून दोन वाटा. एक 43-45 किलोमीटरवर पुन्हा रामगडला येते, तीच घ्यावी. दुसरी घोटारू आणि आसुतारवरून समकडे उतरते. ती मोहक आहे, ओसाड आहे, वाटेत घोटारूचा जुना किल्ला आहे. पण सीमेच्या पट्ट्यातून जाते. लोंगेवाल्याच्या चौकीत विचारून, आज रस्ता साफ आहे आणि बाहेरच्यांना सोडतात असं स्पष्ट उत्तर मिळालं, दुपारचा एक वाजायचा आहे आणि बरोबर दुसरी गाडी आहे, एवढं सगळं जुळलं तरच. चौकीवरचा जवान "कल आना" म्हणाला, तर तेच उत्तर समजायचं.

संध्याकाळी पाचला जैसलमेर. हॉटेलवर जाण्याआधी गाडी धुलाई केंद्रात घालून खालून पाण्याचा फवारा मारून घ्यायचा. खाऱ्या पट्ट्यातून गेला असाल तर अजिबात टाळू नका. एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला की केवढी बारीक धूळ पडते ते दिसेल. तो उलट दिशेने हवा मारून साफ करायचा, फार काळा असेल तर बदलायचा. चाकांचे नट एकदा पान्याने आवळून पाहायचे, आणि रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेली वाळू काढायची; तिच्यामुळे चाकाचा तोल जातो आणि परतीच्या महामार्गावर 90 ला स्टिअरिंग थरथरतं. इंधन सांचोर ओलांडण्यापुरतंच भरा. गुजरातमध्ये ते राजस्थानपेक्षा स्वस्त मिळतं, सांचोर ओलांडलं की टाकी भरायची.